ढवळी ते फोंडा, गाडी न काढता: आधी वाट, मग सायकल

आमच्या फाटकापासून शाळेच्या दारापर्यंत अडीच किलोमीटर. गोव्यातल्या ढवळीहून फोंडा. एवढ्यासाठी मी अकरा वर्षं रोज स्कूटर काढत होते. सकाळी साताला निघायचं, दुपारी शाळा सुटली की तिस्कावर, म्हणजे फोंड्याच्या चौकात, बसच्या धुरात उभं राहायचं, आणि घरी येऊन कंबर धरून बसायचं. आता तीन वर्षं झाली, आठवड्यातले चार दिवस तरी मी चालत नाहीतर सायकलने जाते. स्कूटर घरात आहे, तिचा विमा वेळेवर भरते, गरज पडली की वापरते. शेजारणी विचारतात, पालकसभेला आलेल्या आया विचारतात, "बाई, जमतं कसं तुम्हाला?" दरवेळी दारात उभ्या उभ्या अर्धवट सांगितलं जातं, म्हणून एकदा सगळं लिहून काढते.

पहिलं सांगणं हे, की सायकल घ्यायला धावू नका. २०२०च्या टाळेबंदीनंतर आमच्या वाड्यावर चार घरांत नव्या सायकली आल्या. आज त्यांतल्या तीन पडवीत उभ्या आहेत, टायर बसलेले. या तिघांनी पहिल्याच दिवशी सायकल फोंडा-मडगाव रस्त्यावर घातली, म्हणजे ज्या रस्त्याने रोज गाडी नेतात त्याच रस्त्यावर. टिप्पर अंगाला घासल्यासारखा गेला आणि धीर सुटला. दोष त्यांचा नव्हता, सायकलचाही नव्हता. वाट चुकली होती. पायांची आणि सायकलची वाट वेगळी असते, आणि ती आधी शोधून ठेवावी लागते.

वाट शोधताना

एक आठवडा वहीत लिहा: आज गाडी कशासाठी काढली आणि किती लांब गेली. मी लिहिलं तेव्हा दिसलं की गिरण, टेलर, बँक, आईची औषधं, शाळा, मासळी, यांतलं काहीच तीन किलोमीटरच्या पलीकडे नव्हतं. लांबच्या फेऱ्या म्हणजे पणजीला बहिणीकडे आणि मडगावला इस्पितळात. त्या गाडीनेच होऊ देत. त्यांचा विचार आता करू नका. जवळच्यातली एकच फेरी निवडा, जी ठरलेल्या वेळी होते आणि जिथे हातात ओझं नसतं.

मग रविवारी सकाळी घराबाहेर पडा आणि त्या ठिकाणी हमरस्ता टाळून पायी पोचता येतं का ते बघा. आपल्या अंत्रुज महालात, म्हणजे फोंडा तालुक्यात, अशी वाट बहुधा सापडतेच. सोळाव्या शतकात नदीपलीकडून देव इकडे आणले गेले, कुठ्ठाळीचा मंगेश १५६०मध्ये प्रियोळला आला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला आली. देवळांभोवती वाडे वसले, आणि एका देवळाकडून दुसऱ्याकडे, वाड्यातून बाजाराकडे माणसं पायीच जात-येत. आजचा डांबरी हमरस्ता त्यानंतर कितीतरी वर्षांनी आला. जुन्या वाटांतल्या काही कुंपणात गेल्या, काहींवर पंचायतीने सिमेंट घातलं, काही अजून कुळागराच्या, म्हणजे माड-पोफळीच्या बागेच्या, कडेने तशाच आहेत. वाड्यावरच्या सत्तरीच्या पुढच्या बाईला विचारा, शाळेला कुठून जायची म्हणून. मला माझी वाट अशीच मिळाली. आमच्या मागच्या घरची काकी म्हणाली, "व्हाळावरच्या सांकवावरून जायचो आम्ही, थेट बाजारात." व्हाळ म्हणजे ओढा, सांकव म्हणजे त्यावरचा छोटा पूल. सांकवाच्या जागी आता स्लॅब आहे. त्यावरून स्कूटर जाते, चारचाकी जात नाही. मला हवी होती ती नेमकी हीच जागा.

ही वाट हमरस्त्यापेक्षा चारशे मीटर लांब पडते. पडू दे. गाडी चालवून आपल्याला सगळ्यात जवळचा रस्ता तो चांगला असं वाटायला लागलेलं असतं. पायी आणि सायकलने मात्र आधी बघायचं ते बाजूने जाणाऱ्या गाड्यांचा वेग. तासाला ५० किलोमीटरने येणाऱ्या गाडीच्या धडकेत ३०च्या गाडीपेक्षा जवळजवळ पावणेतीन पट जोर असतो, कारण जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. ज्या रस्त्यावर वळणं आणि अरुंदपणा यांमुळे गाड्यांना हळूच जावं लागतं तो रस्ता आपला.

रविवारी वाट मिळाली की तीच वाट कामाच्या दिवशी, नेमक्या कामाच्या वेळी पुन्हा चाला. हे चुकवू नका. रविवारी सकाळी सात वाजता जिथे कोंबडं सोडून कोणी नसतं तिथे सोमवारी बालवाडीच्या रिक्षा असतात. बघायचं ते एवढं: गटार कुठे उघडं आहे, चिऱ्यांचा गडगा (दगडी कुंपण) रस्त्याला इतका लागून आहे का की गाडी आली तर बाजूला व्हायला जागा नाही, कुठल्या घरची कुत्री धावून येतात, संध्याकाळी दिवा कुठपर्यंत आहे, आणि दुपारी एकला सावली कुठल्या बाजूला पडते. सावलीला फार किंमत आहे. जाताना मी एका वाटेने जाते आणि परतताना दुसऱ्या, कारण दुपारी फणसांची सावली त्या दुसऱ्या वाटेवर असते.

कुत्र्यांचं सांगते, कारण बायकांची अर्धी भीती तीच आहे. पळायचं नाही, पेडल मारत सुटायचंही नाही. सायकलवरून उतरायचं, सायकल आपल्या आणि कुत्र्याच्या मध्ये धरायची आणि सावकाश चालायचं. पंधरा दिवस एकाच वेळी गेलात की ते मान वर करून बघतं आणि पुन्हा झोपतं.

चालताना

फुटपाथ आपल्याकडे बाजारात थोडासा आहे, बाकी नाहीच. फुटपाथ नसेल तिथे रस्त्याच्या उजव्या कडेने चाला, म्हणजे जवळच्या बाजूची गाडी समोरून येते आणि दिसते. याला एक अपवाद करायचा. समोरचं न दिसणाऱ्या वळणावर वळणाच्या आतल्या बाजूला राहू नका. वीस-पंचवीस पावलं आधीच ओलांडून बाहेरच्या बाजूला जा, वळण संपलं की परत या. आपल्या घाट्यांवर गडगे आणि झाडी इतकी असते की आतल्या बाजूचा माणूस ड्रायव्हरला शेवटच्या क्षणी दिसतो.

सकाळी अंधार असेल, किंवा पावसाळी कोंदट उजेड, तर हातात टॉर्च धरा, उजेड जमिनीकडे. पायाखाली दिसावं हा एक हेतू, आणि हलता उजेड गाडीवाल्याला दिसतो हा दुसरा. छत्री वाऱ्यावर तिरकी धरली की समोरचं दिसत नाही, म्हणून रस्ता ओलांडताना ती क्षणभर वर करायची सवय लावून घ्या.

तीन किलोमीटरला चालत पस्तीस ते चाळीस मिनिटं लागतात. यापेक्षा लांब असेल तर सायकलचा विचार.

सायकल

महिनाभर चाललात आणि वाट अंगवळणी पडली की मगच. कुठली घ्यायची? फोंड्याला चारी बाजूंनी चढ. ढवळीहून वर बाजारात यायला चढ, फर्मागुडीला तर विचारायलाच नको. बिनगिअरची जुन्या पद्धतीची सायकल वीस किलोच्या आसपास भरते. सपाटीवर ती छान, इथे छाती भरून येते. गिअरची घ्या, आणि दुकानात एकच गोष्ट बघा: पुढचं सगळ्यात लहान चक्र आणि मागचं सगळ्यात मोठं चक्र यांचे दाते मोजा. पुढे २८ आणि मागे २८ किंवा त्याहून जास्त असतील तर पेडलच्या एका फेऱ्यात चाक एक फेरा किंवा त्याहून कमी फिरतं. म्हणजे चढावर पाय हलके राहतात. गिअर एकूण किती, अठरा की एकवीस, याला फार अर्थ नाही. पुढचा झटके घेणारा सस्पेन्शनही नको. वजन वाढतं आणि आपली ताकद त्यात मुरते.

दुकानदार मडगार्ड, कॅरिअर, स्टँड, चेनकव्हर "नंतर लावू" म्हणतो. त्याच दिवशी लावून घ्या. मडगार्ड नसेल तर जूनमध्ये पाठीवर तांबड्या मातीचा पट्टा येतो. चेनकव्हर नसेल तर सलवारीचा काठ चेनमध्ये जातो. साडी नेसून मला चालवता येत नाही. मी पंजाबी ड्रेस घालते, ओढणी दोन्ही खांद्यांवरून मागे नेऊन कमरेला गाठ मारते. सैल ओढणी मागच्या चाकात गेली तर माणूस मागे खेचला जातो, म्हणून ती गाठ निघायच्या आधी ओढून बघते.

सीटची उंची: सायकलवर बसा, एक पेडल अगदी खाली न्या आणि त्यावर टाच ठेवा. पाय सरळ व्हायला हवा. म्हणजे चालवताना, पेडल चवड्याखाली असताना, गुडघा किंचित वाकलेला राहतो. दुकानदार बायकांना सीट खाली करून देतो, दोन्ही पाय जमिनीला टेकावेत म्हणून. तशी चालवली की आठ दिवसांत गुडघे बोलायला लागतात, आणि मग लोक म्हणतात सायकलने गुडघे जातात.

हवा टायरच्या बाजूला लिहिलेली असते. माझ्या टायरवर ४० ते ६५ पौंड असं आहे. मी ५० ठेवते, पावसात ४५, म्हणजे पकड बरी मिळते. घरात हातपंप ठेवा आणि दर रविवारी भरा. कायद्याने सायकलवाल्याला हेल्मेट सक्तीचं नाही, तरी मी घालते, माझ्या मुलीलाही घालायला लावते.

चढाचं गुपित मला आमच्या पोदेराने, म्हणजे दारोदार पाव विकणाऱ्याने, शिकवलं. तो सकाळी सहाच्या सुमाराला येतो. त्याची सायकल एकदा जवळून बघा. कॅरिअरवर हातभर रुंद बांबूची पाटी, जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी घट्ट आवळलेली, वर निळं प्लॅस्टिक, त्याखाली गोणपाट, आणि गोणपाटाखाली ऊन ऊन उंडे आणि पोळ्या, म्हणजे आपले गोव्याचे पाव. हँडलला रबरी भोंगा. हल्ली बरेच पोदेर मोटरसायकलने फिरतात, आमचा अजून सायकलवर आहे. एवढा माल घेऊन तो सगळा वाडा फिरतो आणि घामाघूम झालेला दिसत नाही. मी त्याला विचारलं तेव्हा तो म्हणाला, "बाये, चडणीर देंवपाक लज कित्याक?" चढावर उतरायला लाज कसली? तो घाटीच्या पायथ्याशीच उतरतो, सायकल हातात धरून वर जातो, आणि माथ्यावर पुन्हा बसतो. मी बसून चढते त्यापेक्षा त्याला मिनिटभरच जास्त लागतं.

तुम्हीही उतरा. आणि बसून चढायचं असेल तर चढ लागायच्या आधीच गिअर हलका करा. चढाच्या मध्यावर जोर देत गिअर बदलला की चेन कडकड करते आणि कधी निसटते. उतारावर दोन्ही ब्रेक एकत्र, थोडे थोडे दाबत, वेग आधीपासूनच हातात ठेवा. नुसता पुढचा ब्रेक एकदम दाबलात तर मागचं चाक उचलतं.

रस्त्यावर कडेला चिकटून चालवू नका. नव्या माणसाला वाटतं की जितकं कडेला तितकं सुरक्षित, पण कडेलाच वाळू, फुटक्या बाटल्या आणि डांबराची तुटलेली कड असते, आणि मागच्याला वाटतं की बाजूने निसटायला जागा आहे. कडेपासून हातभर आत राहा, सरळ रेषेत. उभ्या गाड्यांपासून दार उघडेल एवढं अंतर सोडा. थांबलेल्या बसच्या डावीकडून कधीही जाऊ नका, तिथे माणसं उतरतात. बसच्या मागे थांबा, कंडक्टरची शिटी होऊ द्या. आणि तिस्कासारखा चौक असेल तर मी सरळ उतरते आणि सायकल हातात धरून चालणाऱ्यांबरोबर ओलांडते. चालणाऱ्या माणसाला ड्रायव्हर थांबून वाट देतो, हा माझा रोजचा अनुभव आहे.

पाऊस आणि घाम

गोव्यात मोसमात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यामुळे "पावसाळ्यात काय करायचं" हा प्रश्न टाळून चालत नाही. माझा नियम सोपा आहे. भुरभुर असेल तर सायकल, धो धो असेल तर चालत, वारा आणि विजा असतील तर बस. सायकलवर छत्री कधीच नाही. रेनकोट दोन भागांचा, आणि टोपी अशी की मान वळवली की ती पण वळेल, नाहीतर मागचं बघायला वळलात की टोपीच्या आतलंच दिसतं.

पहिल्या जुलैत मी पडले. गटारावर ओलं लोखंडी झाकण होतं, त्यावरून मी तिरकी गेले, पुढचं चाक सटकलं आणि मनगट खाली आलं. तीन आठवडे प्लॅस्टर, उजव्या हाताला. फळ्यावर लिहिता येत नव्हतं, मुलं पुढे येऊन लिहायची. तेव्हापासून ओलं लोखंड, रंगवलेले पांढरे पट्टे आणि शेवाळलेला सिमेंट रस्ता यांवर मी वळत नाही, ब्रेकही लावत नाही. आधी वेग कमी करून काटकोनात सरळ पार होते. पाणी साचलं असेल तिथे खाली खड्डा आहे असं धरूनच चाला. रिमवर दाबणारे ब्रेक ओले असताना पहिल्या दाबाला फक्त पाणी पुसतात, धरतात नंतर, म्हणून रोजच्यापेक्षा आधी दाबायला सुरुवात करा.

घरी आलात की दोन मिनिटं द्या. चेन जुन्या फडक्याने पुसून कोरडी करा आणि आठवड्यातून एकदा तिच्यात तेलाचे थेंब सोडा, मग वरवरचं तेल पुसून टाका. न पुसलेल्या तेलावर आपली तांबडी माती बसते आणि चेन कानशीसारखी झिजवते. खोबरेल तेल घालू नका, ते चिकट होतं.

घामाला घाबरून पुष्कळजण सोडतात. यावर उपाय म्हणजे दहा मिनिटं लवकर निघणं आणि सावकाश जाणं. घाई केली की घाम येतो, आणि पोचल्यावरची पाच मिनिटं सगळ्यात जास्त येतो. मी शाळेत आधी पोचते, पंख्याखाली उभी राहते, पंचाने मान पुसते, कुर्ता बदलते. एक कुर्ता आणि एक पंचा स्टाफरूमच्या कपाटात कायमचे आहेत. पाठीवर पिशवी घेऊ नका, कॅरिअरला बांधा. पाठ कोरडी राहते.

मासळीचं विचारतात म्हणून: झाकणाचा डबा कॅरिअरवर, तळाला थोडं वर्तमानपत्र. बांगडे, तारले व्यवस्थित येतात, पाणी सांडत नाही. चवथीला गणपतीवर टांगायच्या माटोळीचं सामान मात्र रिक्षानेच आणते, नारळाची पेंड आणि केळीचे घड सायकलवर आणायचा हट्ट धरू नये.

पणजीकडच्यांसाठी थोडं. माझी बहीण रायबंदरला राहते. तिच्याकडे चढ नाहीच, १६३३-३४ साली बांधलेला पाटो-रायबंदरचा बांध तीन किलोमीटरहून थोडा लांब आणि अगदी सपाट आहे. तिथे बिनगिअरची सायकलसुद्धा पुरते. त्रास आहे तो उन्हाचा आणि समोरून येणाऱ्या वाऱ्याचा. ती सकाळी सायकलने जाते, आणि चोडणला जायचं असेल तर फेरीबोटीत पायी चढते, पायी माणसाला तिथे पैसे पडत नाहीत.

वाट राखायची कशी

वाट मिळाली तरी ती तशीच राहत नाही. झाकण फुटतं, दिवा जातो, कोणीतरी चिरे आणून टाकतो. मी ज्या झाकणावर पडले ते फुटकं होतं. तोंडी सांगून दोन महिने गेले, एका कार्यालयाने दुसऱ्याकडे पाठवलं, दुसऱ्याने पहिल्याकडे. मग मला एका निवृत्त शेजाऱ्यांनी अर्ज लिहायची रीत सांगितली. जागा सांगताना "अमक्याच्या घराजवळ" लिहायचं नाही, जवळच्या विजेच्या खांबावरचा नंबर लिहायचा. फोटो दोन काढायचे, एक जवळून, एक लांबून ज्यात तो खांब दिसतो. अर्जाच्या प्रतीवर पोच आणि शिक्का घ्यायचा. आणि तीच प्रत घेऊन ग्रामसभेत उभं राहायचं. आपल्याकडे नेहमीच्या ग्रामसभा जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर यांतल्या रविवारी होतात, आणि तिथे विचारलेलं कामकाजात लिहून घेतलं जातं. मी माझ्याबरोबर तीन पालकांना नेलं, कारण त्यांची मुलं याच वाटेने चालत येतात. एकटीने विचारण्यात आणि चौघींनी विचारण्यात फार फरक पडतो.

नवं झाकण मार्चमध्ये बसलं. व्हाळावरच्या स्लॅबपाशी दिवा अजून नाही. खांबाचा नंबर मी वहीत उतरवून ठेवला आहे, अर्ज लिहून झाला आहे, तिसरीतल्या दोन मुलांच्या आयांच्या सह्या उद्या शाळा सुटताना घ्यायच्या आहेत.